करवंदाचं कुंपण: बी धरण्यापासून बुंध्याशी गच्च भरेपर्यंत

करवंदाचं कुंपण चार-पाच वर्षांचं झालं की बऱ्याच बांधांवर सारखंच चित्र दिसतं. कमरेच्या वर गच्च जाळी आणि गुडघ्याखाली नुसत्या काड्या. शेळी तिथूनच आत शिरते. मग दोष करवंदावर जातो आणि तारेच्या कुंपणाचा खर्च अंगावर येतो. चूक मात्र सुरुवातीलाच झालेली असते. बी शिळं वापरलेलं असतं, रोप बाळसं धरायच्या आत जमिनीत गेलेलं असतं, आणि ज्या वेळी मन घट्ट करून छाटायला हवं होतं त्या वेळी ‘वाढतंय तर वाढू दे’ म्हणून सोडलेलं असतं.

हे कुंपण खालून वर भरत आणावं लागतं. वर भरलेलं खाली आपोआप उतरत नाही. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने दिले आहेत, त्यामुळे क्रम बदलू नका.

आधी जागा आणि हिशेब

मुरमाड, हलकी, उताराची, जांभ्याची जमीन करवंदाला मानवते. पाऊस कमी असला तरी एकदा मुळं खोल गेली की झाड तग धरतं. त्याला सोसत नाही ते साचलेलं पाणी. भारी काळ्या जमिनीत ओळ सपाटीवर न धरता फूट-दीड फूट उंच वरंब्यावर धरायची, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात मुळं कुजतात.

जागा किती अडेल हेही आधीच बघा. पूर्ण वाढलेलं, नीट छाटलेलं कुंपण बुंध्याशी चार फूट रुंदी घेतं. छाटणी चुकली तर सहा. दोन-तीन गुंठ्यांच्या घराच्या प्लॉटला हे परवडत नाही.

गुरं, शेळ्या आणि माणसं यांना करवंद अडवतं. रानडुकराला ते पूर्ण अडवेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण ते बुंध्याशी माती उकरून घुसतं. विदर्भात रोही (नीलगाय) उडी मारून येतो, त्याला चार-पाच फुटांचं कुंपण पुरत नाही.

रोपांचा हिशेब असा. एक एकराचा चौकोनी तुकडा धरला तर घेर साधारण ८३५ फूट येतो. एकेरी ओळीत दोन फुटांवर एक रोप म्हणजे सुमारे ४१८ रोपं. दुहेरी नागमोडी पद्धतीत दोन ओळींमध्ये दोन फूट, ओळीत रोपारोपांत तीन फूट, म्हणजे सुमारे ५५६ रोपं. शेळ्यांचा त्रास असेल तर दुहेरीच करा. एकेरीत एक रोप मेलं की चार फुटांचं भगदाड पडतं. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला १५ टक्के जादा धरली की ६४० रोपं होतात. जमीन लांबट असेल तर घेर वाढतो. १०० फूट रुंदीची एकराची पट्टी असेल तर तो १,०७० फुटांवर जातो. म्हणून अंदाज नको, टेप घेऊन घेर मोजा आणि फाटकाची जागा वजा करा.

वेळापत्रक लक्षात ठेवा. मे महिन्यात पेरणी, पुढच्या वर्षी जून-जुलैत लागवड, त्याच्या पुढच्या जूनमध्ये पहिली छाटणी. पेरणीपासून पाचव्या पावसाळ्याअखेर शेळी अडवणारं कुंपण उभं राहतं. वर्षभराची रोपं विकत घेतली तर एक वर्ष वाचतं.

टप्पा १: पिशव्या भरून ठेवा (एप्रिल)

बी हाती येण्याआधी पिशव्या भरून तयार हव्यात, कारण करवंदाचं बी थांबत नाही. चार बाय सहा इंचाची छोटी पिशवी घेऊ नका. सोटमूळ तीन-चार महिन्यांत तळाला टेकतं आणि गोल फिरायला लागतं. किमान सहा बाय आठ इंचाची घ्या, तळाशी आणि बाजूंना मिळून आठ-दहा भोकं हवीत.

दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण करा. भरल्यावर दोनदा पाणी द्या, माती खाली बसते, मग वरचा अर्धा इंच सोडून पुन्हा भरा. ६४० रोपं हवी असतील तर ७५० पिशव्या भरा.

तपासा: पाणी ओतल्यावर अर्ध्या मिनिटात वरचं पाणी मातीत जिरलं पाहिजे. वर डबकं राहत असेल तर वाळू कमी पडली आहे.

टप्पा २: बी काढणं आणि पेरणं (मे)

फळ काळंभोर आणि बोटाने दाबलं की फुटणारं हवं. लालसर, टणक फळातलं बी अर्धवट असतं, ते मातीतच कुजतं. ‘काळी मैना’ म्हणून द्रोणात विकायला येणारी करवंदं बियाण्याला चालतात, फक्त त्यातली पिकलेली निवडून घ्या. स्वतः तोडणार असाल तर एकाच जाळीवरून न तोडता आठ-दहा जाळ्यांवरून थोडी थोडी घ्या. ‘कोंकण बोल्ड’सारखी मोठ्या फळाची जात फळांच्या बागेसाठी ठीक. कुंपणाला मात्र रानातल्या काटेरी जाळीचंच बी घ्यावं, असं आमचं मत आहे.

रानातल्या फळात दोन-चार चपट्या बिया असतात. एका पिशवीत दोन या हिशेबाने १,५०० बिया लागतील, त्यासाठी दोन किलो फळं पुरतात.

फळं बादलीत कुस्करा, मूठभर राख किंवा बारीक वाळू टाकून हाताने चोळा. नुसत्या पाण्याने गर सुटत नाही, त्यातला चीक बीला धरून राहतो आणि पुढे त्यावरच बुरशी येते. तीन-चार पाण्यांनी धुवा, वर तरंगणारं बी फेकून द्या, बुडालेलं कागदावर पसरून एक दिवस सावलीत सुकवा. उन्हात अजिबात नको.

दुसऱ्या दिवशी पेरा. फार तर आठवडा. जूनमध्ये पाऊस आला की पेरू म्हणून बी डब्यात ठेवणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. महिनाभरात उगवण इतकी घसरते की निम्म्याहून जास्त पिशव्या रिकाम्या राहतात, आणि लोक म्हणतात बी खराब होतं.

बी एक सेंटिमीटर खोल, आडवं ठेवा. वर पातळ वाळू पसरा. पिशव्या ५० टक्के सावलीच्या जाळीखाली किंवा झाडाच्या विरळ सावलीत लावा. झारीने रोज सकाळी हलकं पाणी द्या. दोन ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात.

सावध: कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनच्या झडीत उघड्यावर ठेवलेली कोवळी रोपं बुंध्याशी काळी पडून कोलमडतात. पिशव्यांवर प्लॅस्टिकचा उतरता आडोसा करा, बाजू मोकळ्या ठेवा. मर दिसली की पाणी आखडा, मेलेली पिशवी उचलून दूर टाका आणि बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात मातीत ओता.

टप्पा ३: वर्षभर रोप सांभाळणं

रोप तीन-चार इंचांचं झालं की पिशवीतलं दुबळं रोप कात्रीने मातीलगत कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. ऑक्टोबरपासून सावली हळूहळू कमी करत डिसेंबरपर्यंत रोपं पूर्ण उन्हात आणा. दर दोन महिन्यांनी पिशव्या उचलून जागा बदला. तळातून निघालेलं मूळ जमिनीत घुसलं आणि तुम्ही थेट जूनमध्ये ओढलं, तर तेच मूळ तुटतं आणि रोप लागवडीनंतर मान टाकतं.

करवंद सुरुवातीला फार सावकाश वाढतं. पहिल्या दिवाळीला रोप वीतभरही नसतं. उतावीळ होऊन युरिया टाकलात तर लांब, लुळी, काटा नसलेली काडी मिळेल. लागवडीच्या वेळी एक ते सव्वा फूट उंची, पेन्सिलीसारखा तपकिरी बुंधा आणि निदान दोन-तीन ठिकाणी टणक झालेले काटे एवढं पाहिजे. सुईसारखे हिरवे काटे असतील तर रोप अजून कोवळं आहे.

सावध: जंगलातून रोपं खणून आणू नका. राखीव जंगलातून असं काही काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय फायदाही नाही. खडकात शिरलेलं सोटमूळ तुटल्याशिवाय रोप निघत नाही आणि मूळ तुटलेलं करवंद पावसाळाभर हिरवं दिसून उन्हाळ्यात वाळतं. फाटे कलमं करण्याचाही मोह टाळा. करवंदाच्या साध्या काड्यांना मुळं फुटण्याचं प्रमाण फार कमी असतं.

टप्पा ४: हद्द आणि चर (रोपं वाढत असतानाच्या उन्हाळ्यात)

खुणा नक्की नसतील तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. भांडण उभं राहिलं तर पाच वर्षं वाढवलेली जाळी उचलून दुसरीकडे लावता येत नाही. कुंपणाची बाहेरची ओळ हद्दीपासून आत चार फुटांवर धरा. शेजाऱ्याच्या बाजूला वाढलेल्या फांद्या छाटायला तुम्हाला तिथे उभं राहता आलं पाहिजे, हे कारण लोक विसरतात.

एप्रिल-मेमध्ये दोरी लावून चर खणा. एकेरी ओळीला दीड फूट रुंद, दीड फूट खोल. दुहेरी ओळीला प्रत्येकी एक असे दोन. कठीण मुरमात चर परवडत नसेल तर एक फूट लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे चालतात. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका आणि महिनाभर ऊन खाऊ द्या.

भरताना वरची माती आधी. प्रत्येक रोपाच्या जागी चार किलो कुजलेलं शेणखत, १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. कच्चं शेण टाकलं तर वाळवी आणि हुमणी दोन्ही येतात, आणि रोप का वाळलं ते उपटल्यावरच कळतं. चर भरून जमिनीपेक्षा तीन-चार इंच वर आणा, पावसाने माती तेवढी बसतेच.

टप्पा ५: लागवड (जूनचा शेवट ते जुलैचा मध्य)

पहिल्या पावसाला लावू नका. वीतभर खोल माती ओली झाली की लावा. मूठभर माती दाबून गोळा झाला तर ओल पुरेशी आहे. ऑगस्टनंतर कोरडवाहू जागेत लावलेलं रोप मुळं खोल जायच्या आत थंडीत सापडतं.

पिशवी ब्लेडने उभी फाडा, ओढून काढू नका. मातीच्या गोळ्याच्या तळाशी मूळ गोल फिरलेलं असेल तर तो वेटोळ्याचा भाग, साधारण पाऊण इंच, धारदार कात्रीने कापून टाका. तसंच पुरलं तर मूळ पुढेही गोलच वाढतं. रोप पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर बसवा, टाचेने माती दाबा, बाजूला पाणी साचणारं आळं पावसाळ्यात करू नका. ते ऑक्टोबरमध्ये करायचं. दुहेरी ओळीत दुसऱ्या ओळीचं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर आलं पाहिजे.

तपासा: दोन बोटांत बुंधा धरून हलकं वर ओढा. रोप हललं तर माती पोकळ राहिली आहे, पुन्हा दाबा.

लागवड झाली त्याच दिवशी बाहेरच्या बाजूने बोरी-बाभळीची काटी लावा. करवंदाच्या कोवळ्या शेंड्याला काटा नसतो आणि शेळीला तो आवडतो. एक कळप एका संध्याकाळी वर्षभराचं काम खाऊन जातो. ही काटी निदान दोन वर्षं टिकवावी लागते.

टप्पा ६: पहिल्या वर्षाचं पाणी

पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली तर पाणी द्या. हिवाळ्यात पंधरा दिवसांनी रोपाला पाच लिटर, मार्च ते मे आठवड्याला पाच ते सात लिटर. बुंध्यापासून चार बोटं सोडून पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पण ते बुंध्याला टेकवू नका, वाळवी चढते. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आणा. तिसऱ्यापासून गरज नाही. मेलेल्या रोपांच्या नांग्या पुढच्या जूनमध्येच भरा. त्याहून उशीर केला तर शेजारची झाडं नव्या रोपाला सावलीत दाबतात.

पावसाळ्यात पानं एकदम खाल्लेली दिसली तर मोठी हिरवी, पुढच्या अंगावर डोळ्यांसारखे निळे ठिपके असलेली अळी शोधा. कण्हेरीवर येते तीच ही. हाताने वेचली तरी पुरतं.

टप्पा ७: छाटणी, म्हणजे खरं कुंपण

इथे लोक सगळ्यांत जास्त चुकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

करवंदाची पानं समोरासमोर जोडीने येतात. पानांच्या जोडीच्या अगदी वर, पाव इंच सोडून कापलं की त्या जोडीच्या दोन्ही बगलांतून एकेक फूट, म्हणजे नवा कोंब, निघते. म्हणजे एका काडीच्या दोन काड्या. कापलंच नाही तर झाड वरचे शेंडे पोसत राहतं आणि खालचे डोळे झोपून राहतात. फांदीला मध्येच कुठेतरी कापलं तर वरचा बोडका तुकडा वाळतो आणि तिथून कीड-बुरशी आत उतरते.

पहिली छाटणी, लागवडीनंतरचा जून. रोप दोन फुटांचं झालेलं असेल आणि हात धजावणार नाही. तरीही जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर कापा. चार ते सहा नव्या फुटी निघतील. त्या फूटभर झाल्या की ऑगस्टमध्ये निम्म्यावर खुडा.

दुसरी छाटणी, त्यापुढचा जून. दीड फुटावर सपाट कापा. बाजूच्या फांद्या कापू नका, उलट आडव्या वाकवून रिकाम्या जागेत घाला आणि शेजारच्या झाडाला काथ्याने बांधा. प्लॅस्टिकची दोरी वापरली तर ती पुढे फांदीत रुतते.

तिसरी छाटणी, तीन फुटांवर. यानंतर दरवर्षी फार तर सहा-आठ इंच उंची वाढू द्या. साडेचार-पाच फुटांवर थांबा.

आकार कायम खाली रुंद, वर अरुंद ठेवा. बुंध्याशी साडेतीन-चार फूट, माथ्याला दीड-दोन फूट. माथा रुंद झाला की खाली ऊन पोचत नाही, खालची पानं गळतात आणि गुडघ्याखाली पुन्हा काड्या दिसायला लागतात. दोन्ही टोकांना तिरप्या काठ्या रोवून दोरी ताणा आणि दोरीप्रमाणे कापा. नजरेने कापलेलं कुंपण वर रुंदच होत जातं.

पहिली दोन वर्षं सिकेटर (छाटणीची कात्री) वापरा, कोयता नको. कोयत्याने कोवळं खोड चिरतं. काप घेतला की पांढरा चीक लगेच पात्यावर धरतो. जवळ रॉकेलचा बोळा ठेवा आणि दर पंधरा-वीस झाडांनंतर पातं पुसा. हाताला लागलेला चीक आधी खोबरेल तेलाने, मग साबणाने निघतो.

सावध: चामडी हातमोजे, बंद बूट आणि चष्मा घातल्याशिवाय हात घालू नका. मोठ्या झाडाचा काटा कधी सरळ, कधी टोकाशी दुभंगलेला असतो आणि मोडून आत राहतो. खोल काटा गेला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं बघा. छाटलेली काटी त्याच दिवशी गोळा करा. वाळलेला काटा चप्पल आरपार करतो आणि टायरही सोडत नाही. हीच काटी नव्या रोपांच्या बाहेर लावायला कामी येते.

पावसाळ्यात कापण्याआधी जाळीत बुलबुलाचं घरटं आहे का तेवढं बघा. असेल तर तो चार-पाच फुटांचा तुकडा दोन-तीन आठवडे सोडून द्या.

फळं हवी असतील तर

फुलं फांदीच्या शेंड्यावर, जानेवारी ते मार्चच्या सुमारास येतात. म्हणून वर्षातली शेवटची कापणी सप्टेंबरमध्ये संपवा. दिवाळीनंतर कात्री फिरवली की त्या वर्षीची फुलं गेली. तीन फूट उंची गाठेपर्यंत फळांचा विचार सोडा. त्यानंतर बाहेरची बाजू आणि माथा कडक छाटून, शेताकडची बाजू एक वर्षाआड छाटा. दोन्ही गोष्टी पूर्ण मिळत नाहीत. जाळी जितकी गच्च, तितकं फळ कमी.

तपासणी: लागवडीनंतर चौथ्या उन्हाळ्यात

पाणगळीची वाट बघू नका, करवंद सदाहरित आहे. मे महिन्यात ओणवं होऊन जमिनीपासून फूटभर उंचीवर जाळीतून आरपार बघा. मुठीपेक्षा मोठं भोक दिसलं तिथे काठी रोवा. त्याच जागी जूनमध्ये दाब कलम करायचं. शेजारच्या झाडाची खालची लवचीक फांदी वाकवा, जमिनीला टेकते तिथे खालच्या बाजूने दोन इंच साल खरवडा, तीन-चार इंच मातीखाली दाबून वर दगड ठेवा आणि शेंडा बाहेर ठेवा. पुढच्या जूनपर्यंत मुळं धरतात. तेव्हाच मूळ झाडापासून कापा. भोक फार मोठं असेल तर मधल्या काळात काटीने बुजवा, तिथे नवं रोप लावून उपयोग नाही. जुन्या झाडांची मुळं त्याला वाढू देत नाहीत.

जुनं, खालून फुटकं कुंपण असेल तर

माथा छाटून काही होत नाही. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर झाडं जमिनीपासून एक फुटावर सरळ कापा. इथे जाड खोडांना करवत लागेल. प्रत्येक झाडाला पाच किलो शेणखत द्या. सप्टेंबरपर्यंत खोडाभोवती फुटी येतात. त्यापुढे टप्पा ७ मधल्या दुसऱ्या छाटणीपासून सुरुवात करा. सगळं कुंपण एकाच वर्षी कापू नका. पहिल्या वर्षी जनावरांची वाट नसलेली बाजू घ्या, ती तीन फुटांवर भरली की वाटेकडची.